मागच्या जिन्याची किल्ली

सरकारी इमारतीत अग्निसुरक्षेची तपासणी करायला माणूस आला, की त्याला चहा आधी मिळतो, किल्ली नंतर. कुलूप नेमकं मागच्या जिन्याच्या दाराला असतं. "चोऱ्या होतात हो, साहेब." किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. दार उघडलंच, तर पायऱ्यांवर मोडक्या खुर्च्या आणि लाल फडक्यात बांधलेले जुन्या दप्तराचे गठ्ठे. लाल सिलिंडर भिंतीवर असतो. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली आणि चौथ्या मजल्यावरून वर चढत गेली. 9 जानेवारी 2021 ला पहाटेच्या काळोखात भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बाळं गेली. राज्याचा अग्निसुरक्षेचा कायदा 2006 चा आहे. यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. पण दाखला मिळवणं सोपं, जिना मोकळा करून घेणं कठीण. त्यातून सरकारी इमारतीत नोटीस देणारंही सरकार आणि घेणारंही सरकारच!

आज एखाद्या कचेरीत गेलात, तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते विचारा. कुलूप दिसलं, तर तिथल्या साहेबांना सांगाच.