ती रांगली नाही

आमच्या देवघरात पितळेचा बाळकृष्ण आहे, अंगठ्याएवढा. एक हात आणि एक गुडघा जमिनीला टेकलेला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान वर. सासूबाई रोज सकाळी ताम्हनात ठेवून त्याला आंघोळ घालतात. लेक आठ महिन्यांची होऊन गेली, तशी मी या देवाकडे जरा खुन्नसनेच बघायला लागले. पिढ्यान्‌पिढ्या हा रांगतोच आहे आणि आमची रांगायचं नाव काढत नाही.

बसायची मात्र छान. वाटी लांब ठेवली की एक पाय दुमडायची, तळहात फरशीवर रोवायची आणि ढुंगणावर सरकत वाटीपर्यंत पोचायची. आमच्या राजूरमध्ये असं सरकणं लपत नाही. एकीकडे कोळशाची खाण आणि रेल्वेची साइडिंग, दुसरीकडे चुनाभट्ट्या. सकाळी फरशी पुसली तरी दुपारपर्यंत काळी आणि पांढरी धूळ मिळून तिच्यावर राखी थर धरतो. शेजारच्या लेकरांचे गुडघे काळे होत, हिच्या चड्डीची बैठक काळी होई. "काऊन व, रांगत नाही काय पोट्टी अजून?" विचारणारीच्या मनात वावगं काही नसे. माझ्या मनात मात्र तो प्रश्न दिवे लागेपर्यंत घुटमळत राही.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत मी सगळं टिपून ठेवत होते. मान धरली. हसली (माझ्याकडे बघून, झोपेतलं हसू धरलं नाही). पालथी पडली. बसली. 'रांगली' हा शब्द लिहायला एकही चौकोन मिळेना.

डॉक्टर, आशाताई, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळेच 'विकासाचे टप्पे' म्हणतात. मला त्यात एसटीचा टप्पा ऐकू येई. तो सहा किलोमीटरचा, भाड्याचा हिशोब त्यावर. एकामागून एक येणार, मधला गाळता येणार नाही, आणि गाडीला उशीर झाला की स्टँडवरची माणसं घड्याळं बघणार. मी लेकीसमोर तशीच घड्याळ धरून उभी होते. पण मराठीत टप्पा चेंडूचाही असतो. चेंडूचा बहुतेक प्रवास हवेतच होतो. तो जमिनीला लागतो तेवढा आवाज आपल्याला ऐकू येतो आणि त्या ठिकाणाला आपण टप्पा म्हणतो. कॅलेंडरवर मी तो आवाज लिहीत होते.

हे डोक्यात शिरलं ते चुनाभट्टीमुळे. भट्टीत चुनखडीचा दगड आणि कोळसा घालून भाजतात. आच नऊशे अंशांच्या आसपास चढली की दगडातला कर्बवायू निघून जातो. भाजून बाहेर आलेला दगड बघाल तर पुष्कळदा आकार जुनाच असतो. हातात घ्या, मग कळतं. चुनखडी शुद्ध असेल तर शंभर किलोचे छप्पन्नच उरतात. ही चुनकळी. तिच्यावर पाणी ओता: ती फुसफुसते, तापते, तडकते आणि बघता बघता तिची पांढरी भुकटी होते. लहानपणी आम्ही पोरं हे बघायला लांब उभी राहायचो आणि सगळी करामत पाण्याची आहे असं समजायचो. दगड तर भट्टीतच बदललेला असे. पाण्याने ते फक्त उघड केलं.

लेकराची भट्टी डोक्यात असते. मज्जातंतूंवर चरबीचं वेष्टण चढत जातं, त्याला मायलिन म्हणतात. ते चढलं की मेंदूचा निरोप झपाट्याने पोचतो. शरीरावरचा ताबा ढोबळमानाने वरून खाली उतरतो: आधी मान, मग पाठ, मग कंबर, शेवटी पाय. जन्मताना चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षाअखेरीला सेहेचाळीसच्या आसपास जातो. आपण टोपडं घट्ट होतंय म्हणून कुरकुरतो, बाकी आत काय चाललंय ते दिसत नाही. 'आज बसली' म्हणून मी लिहिलं त्या दिवशी बसण्याचं बरंचसं काम आधीच उरकलेलं होतं. तारीख माझ्या बघण्याची होती.

याचा फार चांगला दाखला 'बुवा कुक'च्या खेळात आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं होतं. खेळणं फडक्याखाली झाकलं की लहान बाळ ते शोधत नाही, आठेक महिन्यांपुढे शोधू लागतं. त्यावरून त्यांनी म्हटलं की दिसेनाशी झालेली वस्तू असतेच, हे लेकराला तेव्हा कळायला लागतं. पुढे रेने बायार्जाँ यांनी वेगळा मार्ग काढला. शोधायला हात लागतो. त्यांनी हाताला विचारलंच नाही, डोळ्यांना विचारलं. झाकलेल्या वस्तूच्या आरपार पडदा गेल्यासारखं दृश्य त्यांनी बाळांना दाखवलं. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात साडेतीन-साडेचार महिन्यांची काही बाळंही त्या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ बघत राहिली. हे घडायला नको, असं त्यांना वाटत असावं. डोळ्यांना जे कळलं होतं ते हाताने दाखवायला आणखी चार महिने लागणार होते. यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत, पण माझं मत झालंय. सासूबाई पदराआड तोंड लपवून 'बुवा' म्हणत, तेव्हा 'कुक' व्हायच्या आधीच हिचे ओठ हसायच्या तयारीत असत.

आता रांगण्याचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या 816 बाळांचं निरीक्षण करून 2006 मध्ये त्याचे आकडे मांडले. भारतातली बाळं दिल्लीची होती. आधाराशिवाय बसणं 3.8 महिन्यांपासून 9.2 महिन्यांपर्यंत. हातागुडघ्यांवर रांगणं 5.2 पासून 13.5 पर्यंत. स्वतंत्र चालणं 8.2 पासून 17.6 पर्यंत. म्हणजे दोन धडधाकट लेकरांच्या पहिल्या पावलात नऊ महिन्यांचं अंतर असू शकतं, एका अख्ख्या गरोदरपणाएवढं! आणि साधारण 4.3 टक्के बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कोणी पोटावर सरपटलं, कोणी आमच्या बाईसारखं बसल्या बसल्या सरकलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2022 मध्ये आपली यादी सुधारली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी बाळकृष्णाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अमेरिकेले काय समजते?"

रांगण्याकडे डोळे लावून बसल्यामुळे माझं दुसरं काही निसटत होतं. एका दुपारी सासूबाई तुरीची डाळ निवडत होत्या. ही सरकत सरकत सुपाजवळ गेली. आठवडाभरापूर्वीपर्यंत ती असा दाणा पंजाने ओढायची, कोंबडी माती उकरते तशी. दहा दाणे उडायचे, हातात एकही नाही. त्या दुपारी तिने अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. बोटं थरथरत होती. एक डाळ उचलली, डोळ्यांजवळ नेली, नीट बघितली आणि ती तोंडाकडे निघाली तशी सासूबाईंनी झडप घालून काढून घेतली. (घ्यायलाच हवी. त्या वयात दाणा घशात अडकतो.) चिमटीत धरणं हे साधारण नऊ ते बारा महिन्यांत येतं. सुई-दोरा, पेन्सिल, मिठाची चिमूट, सगळं पुढे त्या चिमटीतूनच व्हायचं. पण त्यासाठी पेढे वाटत नाहीत, आणि शेजारीण "काऊन व, चिमूट धरत नाही काय?" असंही विचारत नाही. दारातून दिसतं तेवढंच विचारलं जातं.

घाई करून चेंडूचा टप्पा अलीकडे आणता येतो, असं समजणाऱ्यांपैकी मीही होते. लेकराला मधे बसवायचा गोल, चाकांचा वॉकर आम्ही आणला. त्याने चालणं लवकर येत नाही. उलट लेकरू उंबऱ्यावरून आपटतं, चुलीपर्यंत पोचतं. कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. आमचा उंबऱ्याला अडकून कलंडला, तिच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि वॉकर माळ्यावर गेला. धरून ढकलायचा जुना लाकडी पांगुळगाडा त्यामानाने शहाणा: त्यात आधी स्वतः उभं राहावं लागतं.

तरी 'ज्याचं त्याचं, येईल आपोआप' हेही मला पुरतं पटत नाही. चेंडू हवेत आहे म्हणून निवांत राहायला तो खरोखर हवेत असावा लागतो. पाचव्या महिन्यातही मान स्थिर नाही, तीन महिने झाले तरी कोणाकडे बघून हसू नाही, नऊ-दहा महिन्यांतही आधाराशिवाय बसत नाही किंवा 'बाबाबा-दादादा' नाही, वर्षाच्या आत एकच हात चालतो आणि दुसरा मुठीतच राहतो, किंवा येत असलेलं काही एकदम यायचं बंद झालं, तर शेजारणीला न विचारता डॉक्टरांकडे जायचं. लेकरू दिवसांआधी झालं असेल, तर वय जन्माच्या तारखेपासून न धरता डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून धरायचं. यासाठी पैसे मोडायलाच हवेत असंही नाही. लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या पालघरला सुरू झाला, आणि विकासातला उशीर ओळखणं हे त्याच्या चार मुख्य कामांपैकी एक आहे.

लस टोचायला नेताना जवळ असतं त्या माता-बाल संरक्षण कार्डातही कोणत्या वयात लेकराला काय यावं आणि कशाची काळजी करावी, हे चित्रांसकट छापलेलं आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला जाल तेव्हा आशाताईंकडून ते पान उघडून घ्या. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर लिहून भरलं होतं. कार्डातलं ते पान मी वर्षभर उघडलंच नव्हतं.