मुलांपासून मरण लपवावे काय?

आई इस्पितळात मरणोन्मुख असता तिच्या मुलांस काय सांगावे, असा प्रश्न मंडळ्यांतून वारंवार येतो. बहुतेक घरी उत्तर ठरलेलेच असते: मुलांस मामाच्या गावी पाठवावे, आणि विचारलेच तर "आई देवाघरी गेली" म्हणून वेळ मारून न्यावी. ह्यात हेतू दयेचा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दयेपोटी बोललेले असत्य मुलास खरोखर सुख देते काय?

मारिया नाज ह्या विदुषींनी बुडापेस्ट येथील मुलांविषयी १९४८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील बालके मरणास प्रवास किंवा झोप समजतात, असे त्यांस आढळले. तेव्हा "देवाघरी" गेलेली आई परत येईल म्हणून बालक दाराकडे पाहत बसते. "झोपली" म्हटल्यास ते स्वतः निजावयास भिते. "देवाला आवडली म्हणून त्याने नेली" हे तर आम्हांस सर्वांत घातक वाटते. अशा देवाविषयी त्या लेकराच्या मनात प्रीती कशी उपजावी? "आई मेली, तिचे शरीर आता चालत नाही, ती घरी परत येणार नाही," असे साधे शब्द बोलावे. पुनरुत्थानाची आशा त्यानंतर सांगावी; तिच्या आडोशाने मरण झाकू नये.

भेटीने मूल रडेल, म्हणून भेटच नको, असे कित्येक म्हणतात. इंग्लंडातील इस्पितळांत आजारी मुलांच्या आईबापांसही ह्याच समजुतीने दूर ठेवीत. १९५९ साली प्लॅट समितीने ती बंधने उठविण्याची शिफारस केली. उपदेशक बंधूंनो, डाक्टरांची परवानगी असेल तर मुलास विचारा, व त्याची इच्छा असल्यास आत न्या. बळजबरी मात्र नको. नाकात नळी असेल, आई कदाचित बोलणार नाही, हे दाराबाहेरच सांगून ठेवा. ते घाबरले तर त्यास बाहेर नेण्यास जवळचे एक माणूस सोबत असावे.

आपण हट्ट केला म्हणून आई मेली, असे कित्येक मुले मनात धरून बसतात आणि कोणास सांगत नाहीत. त्यांनी न विचारताच सांगावे की, बाळा, हे तुझ्यामुळे झाले नाही.

तासाभराने तेच मूल इस्पितळाच्या ओट्यावर गोट्या खेळू लागले, तर आत्याबाईंनी रागे भरू नये. मुले दुःख असेच थोडे थोडे सोसतात. रात्री ते पुन्हा विचारील, "आई केव्हा येणार?" आणि तेच उत्तर पुन्हा, तितक्याच शांतपणे, द्यावे लागेल.