मोह ओळखणारे मूल अडाणी कसे?



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या अमरावती-अकोल्याच्या शाळांमध्ये सहलींची लगबग सुरू होते. चिखलदरा, सेमाडोह, नरनाळा ही नेहमीची ठिकाणे. अलीकडे काही शाळा सहलीऐवजी निसर्ग शिबिर घेतात. मुले दोन दिवस जंगलात राहतात, पक्षी पाहतात, झाडांची नावे वहीत लिहितात. त्यासाठी पालक आनंदाने पैसे भरतात. मुलांनी चार भिंतींच्या बाहेर काही शिकावे, ही त्यांची इच्छा चांगलीच आहे.

त्याच सुमारास मेळघाटातील कोरकू घरांमधली मुले सुट्टी संपवून आपापल्या आश्रमशाळेत परत जातात. पत्र्याची पेटी डोक्यावर, आईचा हात सोडलेला, आणि पुढचे कित्येक महिने वसतिगृहात. म्हणजे शहरातले मूल शिकण्यासाठी जंगलात जाते आणि जंगलातले मूल शिकण्यासाठी घर व रान सोडते. एकाच जिल्ह्यातील ही दोन मुले आहेत. यात शिकणे नेमके कशाला म्हणायचे? आजच्या लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

मेळघाटातले आठ-नऊ वर्षांचे मूल काय जाणते, ते आधी पाहू. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ऊन चढण्याआधी ती वेचावी लागतात. झाडाखालची जागा आधी साफ करून ठेवावी लागते, नाही तर पाचोळ्यात फुले सापडत नाहीत. वेचलेली फुले नीट वाळवली नाहीत तर त्यांना बुरशी लागते. तेंदूचे कोणते पान तोडायचे आणि कोणते सोडायचे, हिरडा कोणता, बेहडा कोणता, कोणता कंद उकडून खायचा आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हे सगळे मूल आईबापांच्या मागे हिंडता हिंडता शिकते. त्यासाठी त्याला कोणी प्रमाणपत्र देत नाही.

उलट मोहाच्या दिवसांत हे मूल शाळेत दिसले नाही तर हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी नोंद होते. शाळेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पुढे हेच मूल ‘परिसर अभ्यास’ या विषयाच्या परीक्षेला बसते आणि त्यात मागे पडते. ज्याला आपला परिसर पाठ आहे, तोच परिसर अभ्यासात नापास! कारण तिथला परिसर पुस्तकातला असतो आणि भाषा मराठी असते. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील भाषा आहे. तिच्या सख्ख्या बहिणी संथाली आणि मुंडारी दूर झारखंडच्या बाजूला बोलल्या जातात. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून कोरकू म्हणजे माणसे. शाळेच्या पहिल्या दिवशी या मुलाला न बोलता सांगितले जाते की, तुझी भाषा इथे चालणार नाही आणि तुला जे ठाऊक आहे ते इथे मोजले जाणार नाही. हे ऐकत ऐकत चार वर्षे गेली की मुलाला आपल्या माणसांची लाज वाटू लागते.

मात्र इथे आपण सावध राहिले पाहिजे. ‘जंगल हीच खरी शाळा, या मुलांना तिथेच राहू द्या’ असे म्हणणे फार सोपे आहे, विशेषतः ज्यांची स्वतःची मुले पंख्याखाली बसून शिकतात त्यांना. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाचा तो प्रश्न अजूनही पूर्णपणे सुटलेला नाही. मोहाच्या झाडाची ओळख असल्याने तापलेल्या बाळाला औषध मिळत नाही. व्यापाऱ्याच्या काट्यावर आपला माल किती भरला, हे वाचता आले नाही तर रानाचे सगळे ज्ञान असूनही माणूस नाडला जातो. वनहक्काचा अर्ज भरायला अक्षर लागते, दवाखान्यातील चिठ्ठी समजायला अक्षर लागते. शिवाय पहाटे मोह वेचणारे मूल केवळ शिकत नसते, ते घरासाठी राबतही असते. त्याच्या दारिद्र्याला ‘निसर्गशिक्षण’ असे गोड नाव देणे हा अन्यायच होईल.

तेव्हा शाळा हवी की नको, हा प्रश्नच नाही. शाळा हवीच. प्रश्न एवढाच की, मुलाला अक्षर देताना त्याच्याजवळ आधीच असलेले काढून घेतलेच पाहिजे का?

याचे एक उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी दिले गेले आहे, आणि त्याचा आपल्या अमरावतीशीही थोडा संबंध आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहत होत्या. पुढे त्यांनी गुजरातमध्ये गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९४५ साली त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरे चारायला जावे लागे. बोलावून, समजावून मुले येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना आळशी ठरवले नाही. शाळाच कुरणात नेली. गुरे चरत असत आणि तिथेच झाडाखाली मुले शिकत. या शाळेला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. खडे, बिया, पाने, शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य. दहा बिया मोजणाऱ्या मुलाला त्या बिया कोणत्या झाडाच्या, हे गुरुजींनी सांगावे लागत नव्हते. ते त्याला आधीच ठाऊक होते. त्या ओळखीवर अंक आणि अक्षर उभे राहिले.

कुरणशाळेत झाडाखाली बसणे ही फार मोठी गोष्ट नव्हती. मोठी गोष्ट अशी की, तिथे शाळा मुलाच्या दारी गेली आणि त्याला जे येते ते मान्य करून पुढे निघाली. असे केल्याने मूल मागे राहत नाही. उलट त्याला पाय टेकायला जागा मिळते.

आता शहरातल्या मुलाकडे वळू. त्याला बाहेर नेण्याचे फायदे खरे आहेत. चीनमधील ग्वांगझो शहरातील बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पहिलीच्या काही मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा घराबाहेर मोकळ्या उजेडात ठेवले, काहींना नेहमीप्रमाणेच राहू दिले. तीन वर्षांत बाहेर राहणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसण्याचा दोष आला. नेहमीप्रमाणे राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. मोबाईलच्या पडद्याला चिकटलेल्या आपल्या लेकरांसाठी ही गोष्ट लहान नाही.

पण केवळ फायद्यासाठी जंगलात गेलो, तर जंगल म्हणजे एक टॉनिकची बाटली होऊन बसते. डोळ्यांना चांगले, तब्येतीला चांगले, प्रकल्पाच्या वहीला चांगले. मूल तिथून फोटो, पाने, दगड घेऊन येते आणि जंगल आपल्यासाठीच आहे, असे समजून परतते. मग वाटेतले कोरकू गाव त्याला बसच्या खिडकीतून दिसणारे ‘दृश्य’ वाटते. चहाच्या टपरीवर कप धुणारा त्याच्याच वयाचा मुलगा त्याला अडाणी वाटतो. असे झाले तर दोन दिवसांच्या शिबिरात त्याने काय शिकले म्हणायचे? बाराचौदा पक्ष्यांची नावे शिकला, पण माणूस ओळखायला शिकला नाही.

मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण इथे आठवते. त्यांनी अनेक वर्षे वनखात्यात नोकरी केली, त्यात मेळघाटही आले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. पक्ष्यांची, झाडांची, रानातल्या खुणांची असंख्य नावे त्यांनी मराठीत आणली. ती नावे त्यांना कुठे मिळाली? बरीचशी रानातल्या आदिवासींकडून. खाकी वर्दीतला अधिकारी अनवाणी माणसाला विचारतो, ‘बाबा, याला तुम्ही काय म्हणता?’ आणि उत्तर लिहून घेतो. यात विद्वत्ता आहेच, पण त्याहून मोठी आहे ती नम्रता. आपल्या मुलांनी जंगलातून आणायचीच असेल तर ही आणावी.

आपल्या श्रद्धेच्या दृष्टीनेही ही गोष्ट परकी नाही. प्रभू येशूने बहुतेक शिकवण उघड्यावर दिली. सरोवराच्या काठी, डोंगरावर, शेताच्या वाटेवर. त्याचे श्रोते शेतकरी आणि कोळी होते. पेरणी, मोहरीचा दाणा, अंजिराचे झाड, जाळ्यातले मासे यांविषयी त्या लोकांना शास्त्र्यांपेक्षा जास्त कळत होते. येशूने त्यांच्या त्या जाणतेपणाला अडाणीपणा म्हटले नाही. तिथूनच त्याने सुरुवात केली आणि त्यांना देवराज्यापर्यंत नेले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीच्या रक्षणाचा विचार मांडला. त्यातही त्यांनी हाच मुद्दा घेतला आहे. जिथे आदिवासी राहतात, तिथल्या भूमीविषयी काही ठरवायचे झाल्यास आधी त्यांच्याशी बोलले पाहिजे, असे ते सांगतात.

हे बोलणे आपल्याकडे नेहमी होतेच असे नाही. मेळघाट हा १९७३-७४ साली देशात स्थापन झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. वाघाला मोकळे रान मिळावे म्हणून कोहा, कुंड, बोरी अशी गावे २००१ नंतर अकोट भागात आणून वसवण्यात आली. पुढे आणखीही गावे उठली. वाघ वाचला पाहिजे, यात शंका नाही. रस्ता, दवाखाना, शाळा जवळ आली, हेही काही कुटुंबांना हवेच होते. पण सपाटीवर जन्मलेल्या मुलाला मोह कसा वेचतात, हे आता कोण शिकवणार? उद्या कदाचित त्यालाही निसर्ग शिबिराचे पैसे भरून आपल्या आजोबांचे रान पाहायला जावे लागेल.

दुसरे चित्रही आपल्याच जिल्ह्यात आहे. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाला वनहक्क कायद्याखाली उजाड झालेल्या वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी झाडे लावली, राखली, सीताफळाचे उत्पन्न घेतले. २०१४ साली गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला. अशा गावातल्या मुलाला वेगळे निसर्गशिक्षण द्यावे लागत नाही. मोठी माणसे रान राखताना ते रोज पाहत असते.

मग आपण काय करावे? काही साध्या गोष्टी आपल्या हातात आहेत. आईवडिलांना साप, विंचू, उन्हाची भीती वाटते, ती खोटी नाही. म्हणून सुरुवात जवळून करावी. आपल्या वऱ्हाडात पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस त्यासाठी चांगले. अमरावतीकरांना वडाळी तलाव आहे, छत्री तलाव आहे, पोहरा-मालखेडचे जंगल आहे. अकोलेकरांना काटेपूर्णा आहे. तेही जमले नाही तर चर्चच्या आवारातला कडुलिंब आहे. रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मशिक्षणाचा एखादा वर्ग त्याच्या सावलीत घेता येईल.

मेळघाटात मुलांची सहल नेलीच, तर वाट दाखवायला तिथल्याच माणसाला बोलवावे, त्याला ‘गुरुजी’ म्हणून मुलांसमोर उभे करावे आणि त्याच्या वेळेचे योग्य पैसे द्यावेत. झाडाचे नाव आधी कोरकूत विचारावे, मग मराठीत. आपल्यात जे शिक्षक आहेत, त्यांनी रानातून आलेल्या विद्यार्थ्याला वर्षातून एक तास तरी फळ्यापुढे उभे करावे आणि स्वतः बाकावर बसावे. त्या तासात त्या मुलाचा चेहरा कसा बदलतो, ते पाहावे.

आणि घरी आल्यावर मुलांना ‘काय काय पाहिले?’ एवढेच विचारू नये. ‘कोणाकडून शिकलास?’ असेही विचारावे. त्याने एखाद्या माणसाचे नाव घेतले, तर सहलीचे पैसे कारणी लागले असे समजावे.