न सापडलेले डोके : डायनोसॉरची कविता आणि कल्पनेचे उत्तरदायित्व

विज्ञान शिकविण्यासाठी कवितेचा उपयोग करावा काय, हा प्रश्न सामान्यतः अध्यापनपद्धतीचा मानला जातो. वस्तुतः तो नीतीचाही आहे. मूल शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवते. त्या विश्वासाच्या बळावर त्याला कल्पित सांगितले जात असेल, तर वास्तव आणि कल्पित यांच्यातील सीमारेषा दाखविण्याची जबाबदारी कोणाची? डायनोसॉर हा विषय घेतला की हा प्रश्न अधिक टोकदार होतो. हा प्राणी कोणत्याही माणसाने पाहिलेला नाही, आणि तरीही तो गोष्टीतल्या राक्षसासारखा केवळ कल्पित नाही.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिल्यानुसार कविता हे माहितीवरचे गुळाचे लेपन होय. नावे आणि आकडे यमकात बांधले की ते पाठ होतात; परंतु तेथे यमकच काय सांगायचे ते ठरवू लागते. दुसऱ्यानुसार कवितेत सारे काही चालते, तिला चूक-बरोबर लावू नये. पहिल्या उत्तरात कवितेचा अपमान आहे, दुसऱ्यात मुलाचा. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलेच्या संकल्पनेचे स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले. ही दोन उत्तरे म्हणजे त्या ध्रुवांचीच शालेय आणि उथळ रूपे आहेत.

विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’ या संग्रहातील देशाला जगाच्या नकाशावर जागा नाही, आणि ती नसल्याने कोणाची फसवणूकही होत नाही. तेथे वाचक आणि कवी यांच्यात एक मूक करार असतो. डायनोसॉरच्या कवितेत हा करार अपुरा पडतो, कारण तिच्या मागे हाडे आहेत. ती कविता स्वतःच्या अंतर्गत संगतीला जशी बांधील असते, तशीच पुराव्यालाही.

पण पुरावा म्हणजे तरी काय? प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, आजच्या तेलंगणातील पोचमपल्ली गावाजवळ सापडलेल्या एका प्राण्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे तेथे मिळाली. मांडीच्या भल्यामोठ्या हाडावरून ‘मोठ्या पायांचा’ अशा अर्थाचे बंगाली शब्द घेऊन, आणि उत्खननाच्या काळात १९६१ साली आलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचे स्मरण म्हणून, १९७५ साली त्याला ‘बारापासॉरस टागोरेई’ हे नाव मिळाले. शास्त्रज्ञांनीच एका डायनोसॉरला कवीचे नाव दिले, हा केवळ योगायोगाचा गोडवा नव्हे. या प्राण्याची कवटी सापडलेली नाही. काही दात तेवढे मिळाले. म्हणजे त्याच्या कोणत्याही चित्रातले डोके हे नात्यातल्या इतर प्राण्यांवरून केलेले अनुमान असते. विज्ञानही कल्पना करते. फरक इतकाच की आपली कल्पना कोठे सुरू होते हे सांगण्यास ते बांधील असते आणि नवा पुरावा आल्यास ती मागे घेण्यास तयार असते. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात मेगॅलोसॉरस चार पायांवर उभा केला गेला. पुढे तो दोन पायांवर चालणारा ठरला. ती कल्पना असत्य ठरली, पण अप्रामाणिक नव्हती.

जालना जिल्ह्यातील वर्गात हा भेद विशेष अर्थपूर्ण होतो. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी पुढे त्याच खोऱ्यात उतरते. मात्र जालन्याच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि बारापासॉरस १७ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्या दोहोंमधील अंतर लाव्हा आणि आज यांच्यातील अंतरापेक्षा मोठे आहे. अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातील मुलाने ‘आमच्या शेतात बारापासॉरस चरत होता’ असे लिहिले, तर त्या ओळीचे काय करावे? ती खोडणे सोपे, कौतुकाने सोडून देणेही सोपे. खरे अध्यापन तिसऱ्या वाटेने जाते. त्याच्या काळात हे शेत नव्हते, ही काळी माती नव्हती, ती ज्या खडकापासून झाली तो खडकही नव्हता, हे कळल्यावर मूल ती ओळ कशी बदलते, हे पाहणे हेच ते अध्यापन. तो बदल विज्ञानाचा पाठ आहे आणि लेखनाचाही. कारण ‘नव्हते’ या शब्दात ‘चरत होता’पेक्षा अधिक काळ मावतो.

याच जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या मारुतिस्तोत्रातून विराट देहाची जाणीव असंख्य मराठी मुलांना शाळेआधीच होते. तेथे विराटता भक्तीची आहे, मोजमापाची नाही. दोहोंचे मूल्य वेगळे आहे एवढे कळले, की एकीने दुसरीला खोटे पाडण्याची गरज उरत नाही.

तेव्हा प्रश्न कवितेत कल्पना किती असावी हा नसून, ती कोणाला उत्तर देते हा आहे. बारापासॉरसला डोळे देणाऱ्या मुलाला ते डोळे आपण दिले आहेत हे ठाऊक असेल, तर त्याने विज्ञानाशी द्रोह केलेला नाही. ते ठाऊक असूनही त्याला ते द्यावेसे वाटले, तर ती कविताच आहे.