कडू खाते

गरीब नातेवाइकाची ओळख श्रीमंत नातेवाइकाच्या नावाने करून द्यायची, ही रीत फक्त माणसांत आहे असे नाही. आपला कडुलिंब ज्या कुळातला, त्याचे कागदोपत्री नाव 'मेलिएसी', म्हणजे बकाणलिंबावरून पडलेले. पण साहेबलोक बोलताना त्याला 'महोगनीचे कुळ' म्हणतात. पैसेवाल्याचेच नाव तोंडी बसते, त्याला कोण काय करणार?

आमच्या वेळापुरात महोगनी काही माझ्या पाहण्यात नाही. लिंब मात्र बांधावर, देवळापाशी, एसटीच्या थांब्यावर, कुठेही. आणि मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम. घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या खाती जमा करा, हा हिशेबाचा पहिला धडा. तो लिंबाला लावून पाहिला आणि घोटाळा झाला. दातवणाला काडी त्याची, धान्यात घालायला पाला त्याचा, कांजिण्या उतरल्या की अंघोळीच्या पाण्यात तोच, पिकावर फवारायचा पाच टक्के अर्क त्याच्याच लिंबोळीचा. आषाढात माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूर मुक्कामी येते, तेव्हा दमलेला वारकरी पहिली पाठ टेकतो तीही त्याच्याच बुंध्याला. एवढे सगळे दिले, जमा कुठेच नाही! मग प्रश्न पडतो, की फुकट मिळालेल्याचे आपण देणे लागतो का?

आमचे कॅशिअर म्हणतात, "अहो, झाड काय तुमच्यासाठी सावली पाडतं? ते आपलं उन्हात उभं आहे. आपण मागितलं नाही, त्यानं दिलं नाही. देणं कसलं त्यात?"

युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण उद्या एखाद्याच्या खात्यात भलतेच दहा हजार येऊन पडले आणि तो म्हणाला, "मी कुठं मागितले होते?" तर हेच कॅशिअर त्याला ते पचू देतील का? मागितले नाही म्हणून फार तर गुन्हा होत नाही. रक्कम आपली होत नाही.

मग किंमत लावून मोकळे व्हावे म्हणाल, तर श्रीमंत नातेवाइकाचे काय झाले ते पाहा. १७२१ साली इंग्लंडने आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि वेस्ट इंडिजची महोगनी साहेबाच्या दिवाणखान्यात टेबल-कपाटे होऊन बसली. रानात मोठी झाडे शोधावी लागू लागली. १९९२ पासून तर त्या जातीच्या लाकडाला देशाबाहेर जायला परवाना लागतो. किंमत लाकडाची झाली, झाडाची नव्हे.

आणि किंमत न लावली तर? १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे शेतीखाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना लिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी आवरण्याच्या रीतीचे पेटंट दिले. वंदना शिवा आणि इतरांनी हरकत घेतली. रीत नवी नव्हेच असे ठरून २००० साली पेटंट रद्द झाले. २००५ साली अपीलही फेटाळले गेले. आपण सगळे खूश! लिंब आपला!

आपला तर खराच. पण खाते आपले म्हटले, की त्यातली नावेची बाजूही आपलीच. परक्याने हात लावला की लिंब आपला, आणि रस्ता रुंद करायचा, गाळा काढायचा, की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. तेव्हा हरकत घ्यायला कोणी म्युनिकला जात नाही. ग्रामपंचायतीतसुद्धा जात नाही.

पाडव्याला आमची धाकटी दरवर्षी कुरकुरते, "बाबा, श्रीखंडाच्या दिवशी हा कडू पाला कशाला?" आरोग्याची कारणे आहेतच. मी तिला बँकेतले सांगतो. कर्ज तीन वर्षे तसेच पडून राहिले तर मुदतीच्या कायद्याने दावा बुडतो. म्हणून मुदत संपायच्या आत कर्जदाराची कबुलीची सही घ्यायची. सही झाली की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाडव्याचा पाला ही तशीच सही आहे, तीही दरसाल. तोंड वाकडे होते ते कुठल्या कर्जदाराचे होत नाही?

पण नुसत्या सह्या करणारे कर्जदारही आम्ही पुष्कळ पाहिलेत. हप्ता भरला पाहिजे. लिंबाचा हप्ता एक लिंबोळी. तीही ताजी, थोडे आठवडे गेले की उगवायची खात्री नाही. पिकते ती पालखीच्याच सुमाराला, म्हणजे तारीखही ठरलेली. व्याज म्हणून दोन उन्हाळे पाणी आणि शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण.

हे सगळे मी कॅशिअरना ऐकवले. त्यांना पटले नाही. गेल्या आषाढात त्यांनी घरामागे एक लिंबोळी पुरली. "देणं म्हणून नाही हं, सहज," एवढे बजावून सांगितले. हल्ली ते जेवणाच्या सुट्टीत घरी जातात, आणि येताना त्यांच्या चपलांना चिखल असतो.