पाण्याचा पंक्तीभेद

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुवारच्या बैठकीतलं निरूपण, ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी.

नाथमहाराजांची कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. काशीहून गंगेची कावड निघाली, रामेश्वराला अभिषेक करायचा. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी कावडीतलं गंगोदक त्याच्या तोंडात ओतलं. कीर्तनात इथे आपण डोळे पुसतो आणि पुढे जातो. पण जरा थांबा. गाढवच आहे, त्याला जवळच्या डबक्यातलं चालेल, असं नाथ म्हणाले नाहीत. जे शिवाच्या पिंडीसाठी आणलं होतं, तेच त्याला पाजलं.

आता आपापल्या स्वयंपाकघरात बघू या. ओट्यावर मशीन आहे, घरच्यांना त्यातलं पाणी. भांडी घासणाऱ्या मावशींनी मागितलं, की वेगळा पेला नळाखाली धरायचा. कुरिअरवाला, गवंडी, वॉचमन, सगळ्यांना तेच. पंगतीत एकाला साजूक तूप आणि शेजारच्याला डालडा वाढला, तर आपण त्याला पंक्तीभेद म्हणतो, पाप मानतो. मग हे काय आहे? “त्यांना सवय असते” असं म्हणतात. अहो, कावीळ सवय विचारून येत नाही. आणि मावशी आठ दिवस झोपल्या, तर त्यांच्या घरची चूल कशी पेटेल?

ज्येष्ठ मंडळी विचारतात, इंदूरला नळाला नर्मदामैया येते, ती अशुद्ध कशी? बरोबर आहे. 1978 पासून जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून मैया आपल्या घरी येते, शुद्ध करूनच येते. पण ती आणि आपला माठ यांच्यामध्ये गटाराला लागून गेलेला जुना पाइप असतो, आणि दोन-दोन वर्षं न धुतलेली गच्चीवरची टाकी असते. घाण तिथे शिरते. मैयाच्या पावित्र्याला त्यानं काही बाधा येत नाही, पोटाला मात्र येते. तीर्थाचंही तसंच. उकळून गार केलेल्या पाण्यात तुळशीपत्र घालून तीर्थ दिलं, तर त्याचं तीर्थपण उणावत नाही. तान्ह्या मुलांच्या आणि आजारी माणसांच्या ओठांना आपण ते लावतो, एवढं तरी ध्यानात ठेवावं.

“मशीनचं पाणी सगळ्यांना पुरणार कसं?” असं बैठकीत काही भगिनींनी विचारलं. मशीनच हवी असं कुठे आहे! आपल्या शास्त्रांनी पाणी वस्त्रानं गाळून प्यायला सांगितलं, ते काही उगाच नाही. बांगलादेशात मतलब भागातल्या 65 गावांत बायकांना जुन्या सुती साडीची चौपदरी घडी घालून पाणी गाळायला शिकवलं, तर पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. 2003 साली हा अभ्यास छापून आला. नवी साडी नव्हे, जुनी; धुऊन धुऊन तिचे धागे पसरतात आणि जाळी बारीक होते. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात, ते कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र कापडातून आरपार जातात. म्हणून गाळणं ही पहिली पायरी. (आणि ते फडकं रोज धुऊन उन्हात वाळवा. काही घरी नळाला बांधलेलं फडकं हिरवं झालेलं पाहिलं आहे!)

गढूळ असेल तर तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी काढून घ्या. मग उकळा. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. त्याच भांड्यात झाकून गार करा आणि ओगराळ्यानं घ्या, हात बुडवू नका. उकळलेल्या पाण्यात बोटं बुडवली, तर सगळी मेहनत वाया.

गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच, आणि अर्धा तास थांबून प्या. थोडा वास येतो, तो असू द्या. आरओ क्षार काढतं, म्हणून खाऱ्या बोअरवेलला ते ठीक. नदीच्या गोड पाण्याला बहुधा त्याची गरज नसते, आणि एक लिटर देताना ते दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. ते तरी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा.

गुरुपौर्णिमा भर पावसात येते. उत्सवासाठी सभामंडपाची टाकी आधी घासून धुतली जाईल. मग भरून 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, थोड्या पाण्यात कालवून, खाली चुना बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, आणि एक तास कुणी तोटी उघडायची नाही. व्यासपीठावर यंदा बाटल्या ठेवणार नाही. वक्ते, सेवेकरी, चपला सांभाळणारी मुलं, बाहेर थांबलेले रिक्षावाले, सगळ्यांना एकाच पिंपातलं पाणी आणि एकसारखे पेले.

टाकी धुण्याच्या सेवेला सहा जण हवेत. ज्यांच्याकडे झाकणाची मोठी पातेली आणि ओगराळी असतील, त्यांनी नाव घालून उत्सवाच्या दोन दिवस आधी आणून द्यावीत. गाळण्यासाठी जुन्या सुती साड्याही चालतील, स्वच्छ धुतलेल्या.