पहाटे उठणार कोण?

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेकडे, नेवाडाच्या सीमेजवळ, डोंगरांनी वेढलेल्या ओसाड खोऱ्यात डीप स्प्रिंग्ज नावाचं एक छोटं कॉलेज आहे. वीजनिर्मितीच्या धंद्यात नाव कमावलेल्या एल. एल. नन यांनी ते १९१७ साली काढलं. विद्यार्थी जेमतेम पंचवीस-तीस. शिकवण्याची फी नाही. मुलांनी अभ्यास करायचा, आठवड्याला वीसेक तास गोठ्यात, शेतात, स्वयंपाकघरात राबायचं आणि कॉलेजच्या कारभारातही वाटा उचलायचा, अशी तिथली रीत.

फार वर्षांपूर्वी तिथे एक मुलगा आला. त्याचं वाचन दांडगं, बोलणं त्याहून दांडगं. भाषणकला तिथे सर्वांना सक्तीची. त्यात तो पहिल्या दिवसापासून चमकला.

एका रात्री मुलांची सभा भरली. हा उभा राहिला. म्हणाला, "दुभती गाय आणखी एक घेऊ. म्हणजे रोज सकाळी ताजं लोणी मिळेल." त्याने लोण्याचं असं वर्णन केलं, की ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. भराभर हात वर झाले. कोपऱ्यात एकच मुलगा हात खाली ठेवून बसला होता. धारा काढण्याचं काम त्याच्याकडे होतं. पहाटेपासून उठलेला तो बसल्या जागी पेंगत होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. ठराव झाला, गाय आली.

पुढच्या सत्रात कामांची नवी वाटणी झाली. कोणी कुठलं काम करायचं, हे मुलांनीच निवडून दिलेला एक विद्यार्थी ठरवायचा. लसूणघासाला पाणी देणं एकाकडे गेलं, भांडी दुसऱ्याकडे. गोठा लोण्याचं वर्णन करणाऱ्या या मुलाच्या वाट्याला आला.

हिवाळा होता. तो अंधारात उठायचा. गारठलेल्या बोटांनी धारा काढायचा, लोणी घुसळायचा, बादल्या धुवायचा आणि मग वर्गात प्लेटो वाचायला बसायचा. संध्याकाळी पुन्हा धारा. इतर मुलं पावाला लोणी लावून खायची. हा बघायचा आणि गप्प राहायचा.

हिवाळा सरता सरता पुन्हा सभा भरली. एक नवा मुलगा उठला. म्हणाला, "आपण शेळ्या पाळू. चीज करू." सगळ्यांना कल्पना आवडली. हात वर होऊ लागले, तेवढ्यात हा म्हणाला, "कल्पना छान आहे. पण पहाटे उठणार कोण?"

सभा शांत झाली. नवा मुलगा जरा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "मी उठेन."

तेव्हा याने सर्वांत आधी हात वर केला.

दोन वर्षं संपली. तो मोठ्या विद्यापीठात गेला, वकील झाला, एका लहान गावात स्थिरावला. धार काढायची वेळ त्याच्यावर पुन्हा कधी आली नाही.

गावाच्या वाचनालयाच्या समितीत त्याला घेतलं. एकदा ठराव आला, की वाचनालय रविवारीही उघडं ठेवावं. सगळे राजी होते. त्याने विचारलं, "दार उघडायला कोण येणार?"

"आपल्या ग्रंथपाल बाई आहेतच की," कोणीतरी म्हणालं.

तो उठला आणि बाहेर जाऊन बाईंना विचारून आला. रविवारी त्यांना आजारी आईकडे जावं लागत असे. त्याने ते समितीला सांगितलं आणि म्हणाला, "पहिला रविवार माझा. पुढचे कोण घेतं, बोला." थोडी चुळबुळ झाली. मग एकाने दुसरा रविवार घेतला, एकीने तिसरा. वाचनालय रविवारी उघडं राहू लागलं.

अशा कॉलेजातून बाहेर पडलेली बहुतेक मुलं पुढे गुरं राखत नाहीत. मग ती धारांची पहाट कशासाठी, असं कोणी विचारील. पुस्तकं माणसाला चांगलं काय ते ओळखायला शिकवतात. पण त्या चांगल्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे कळायला तो एकदा तरी स्वतः वाहावा लागतो. ठराव करणारे आणि ते पाळताना राबणारे वेगळे असले, की सोपे निर्णय फार होतात आणि खरी कामं थोडी. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या चांगल्या गोष्टीसाठी हात वर करण्याआधी आपणही विचारावं: हे करणार कोण? आणि जमत असेल, तर उत्तरही आपणच द्यावं.